निद्रा आणि आरोग्य

साठ वर्षे जगलेल्या मनुष्याने त्यांपैकी सुमारे वीस वर्षे झोपेत घालवलेली असतात. हा हिशेब प्रथमच ऐकणारा कोणीही क्षणभर दचकेल. एवढ्या काळात ना विद्या मिळवली, ना द्रव्य, ना कोणाचे काही भले केले. डोळे मिटून स्वस्थ पडून राहिलो, एवढेच! म्हणूनच की काय, उद्योगी माणसाने झोप कमी करावी, असा उपदेश पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. झोपाळू माणसाला आपण कुंभकर्णाची उपमा देतो. आणि शेंडी खुंटीला बांधून रात्र रात्र अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या गोष्टी कौतुकाने सांगतो. परीक्षेच्या दिवसांत घराघरांतून मध्यरात्र उलटल्यावरही दिवे जळत असतात आणि त्या दिव्याखाली बसलेल्या मुलाला आईवडील मायेने चहा करून देतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्यामागे जी समजूत आहे, ती मात्र चुकीची आहे. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, ही ती समजूत होय.

आपल्या प्राचीन वैद्यांनी अशी चूक केली नव्हती. चरकसंहितेत शरीराला आधार देणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, त्यांत आहाराच्या पाठोपाठ निद्रेला स्थान दिले आहे. मात्र निद्रा आरोग्याला उपकारक का असते, तिच्यात नेमके काय घडते, हे तपासून पाहण्याची साधने त्या काळी नव्हती. ती गेल्या शंभर वर्षांत उपलब्ध झाली. त्यांच्या साहाय्याने जे ज्ञान मिळाले, त्याची ओळख या पुस्तिकेत करून द्यावयाची आहे.

मेंदूच्या विद्युत्‌लहरी

झोपलेल्या माणसाला विचारून झोपेचे स्वरूप कळणे शक्य नाही. आणि त्याला जागे करावे, तर झोपच नाहीशी होते. ही अडचण जर्मनीतील येना येथील मनोरोगतज्ज्ञ हान्स बर्गर यांच्या शोधामुळे दूर झाली. जिवंत मेंदूत सतत अतिशय सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह वाहत असतात. डोक्याच्या त्वचेला धातूचे लहान अग्र लावून बर्गर यांनी 1924 साली मनुष्याच्या मेंदूतील या प्रवाहांची नोंद प्रथम केली आणि 1929 साली ती प्रसिद्ध केली. कागदाच्या पट्टीवर उमटणाऱ्या या वेड्यावाकड्या रेषेवरून मेंदूची अवस्था बाहेरून ओळखता येऊ लागली. या पद्धतीला विद्युत् मस्तिष्कालेखन असे म्हणतात.

मनुष्य पूर्ण जागा असताना या लहरी बारीक, जलद आणि अनियमित असतात. डोळे मिटून तो स्वस्थ पडला, की सेकंदाला सुमारे दहा या गतीच्या लहरी दिसू लागतात. डोळा लागल्यावर लहरींची गती कमी होत जाते. गाढ झोपेत तर त्या उंच आणि संथ होतात; सेकंदाला एखाददुसरीच लहर उमटते. भर समुद्रातील मोठ्या, सावकाश लाटांची आठवण व्हावी, असे त्यांचे चित्र असते. त्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागातील असंख्य पेशी एकदम कार्य करीत असतात आणि एकदम विसावत असतात. जागेपणी प्रत्येक पेशीसमूह आपापल्या कामात गुंतलेला असल्यामुळे असा मेळ दिसत नाही. अमेरिकेतील आल्फ्रेड लूमिस आणि त्यांचे सहकारी यांनी 1937 साली या लहरींच्या आधारे झोपेच्या निरनिराळ्या पायऱ्या दाखवून दिल्या. झोप एकजिनसी नाही, ही गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली.

दोन प्रकारची निद्रा

यानंतरचा मोठा शोध एका विद्यार्थ्याच्या चिकाटीमुळे लागला. शिकागो विद्यापीठात नथॅनिएल क्लाइटमन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत यूजीन ॲसेरिन्स्की हे संशोधन करीत होते. 1951 साली त्यांनी आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या पापण्यांजवळ विद्युत्-अग्रे लावून रात्रभर नोंद घेतली. मुलगा शांत झोपलेला असताना मधूनच यंत्राच्या लेखण्या जोराने हलू लागल्या. मिटलेल्या पापण्यांखाली त्याची बुबुळे इकडून तिकडे भराभर फिरत होती, आणि मेंदूच्या लहरी तर जागृत माणसासारख्या दिसत होत्या! यंत्रात बिघाड झाला असावा, अशी शंका प्रथम आली. परंतु पुनःपुन्हा तपासल्यावर ती घटना खरी असल्याचे ठरले. ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी 1953 साली हा शोध प्रसिद्ध केला. डोळ्यांची अशी हालचाल चालू असताना झोपलेल्या लोकांना त्यांनी 27 वेळा जागे करून विचारले. त्यांपैकी 20 वेळा स्वप्नाचे सविस्तर वर्णन मिळाले. डोळे स्थिर असताना 23 वेळा जागे केले. त्यांपैकी 19 वेळा काहीही आठवत नसल्याचे उत्तर आले.

तेव्हापासून झोपेचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. आपण त्यांना सोईसाठी स्थिरनेत्र निद्रा व चलनेत्र निद्रा असे म्हणू. फ्रान्समधील लियों येथील मिशेल जुव्हे यांनी 1959 साली मांजरांवरील प्रयोगांवरून असे दाखवले की, चलनेत्र निद्रेत मेंदू जागृतासारखा सचेत असतो, परंतु हातापायांचे स्नायू पूर्णपणे शिथिल असतात. त्यामुळेच स्वप्नात आपण धावतो, पण अंथरुणावरून उठत नाही. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन भिन्न अवस्था आहेत, असे आपल्याकडील तत्त्वचिंतक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. शरीरशास्त्राने हाच भेद यंत्राच्या पट्टीवर रेखाटून दाखवला.

निरोगी प्रौढ मनुष्याच्या झोपेत या अवस्थांचा क्रम ठरलेला असतो. डोळा लागल्यावर तो पायरी पायरीने गाढ निद्रेत उतरतो, पुन्हा वर येतो, आणि मग काही मिनिटे चलनेत्र निद्रा येते. हे एक आवर्तन सुमारे 90 मिनिटांचे असते आणि रात्रीतून अशी चार-पाच आवर्तने होतात. परंतु ती सर्व सारखी नसतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ निद्रेचा वाटा मोठा असतो. पहाटेकडे तो घटत जातो आणि चलनेत्र निद्रेचा वाढतो. पहाटेच्या गोड झोपेला मराठीत ‘साखरझोप’ असे सुरेख नाव आहे. त्या वेळी स्वप्ने अधिक पडतात, याचे कारण हेच. ज्याला सात तासांची झोप आवश्यक आहे, त्याने गजर लावून शेवटचे दोन तास तोडले, तर झोप दोन तासांनी कमी होते एवढेच नव्हे, तर चलनेत्र निद्रेचा मोठा भाग त्याच्या हातून निसटतो.

झोप का येते?

झोप येण्यास दोन गोष्टी कारण होतात. पहिली म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा भार. मेंदूच्या पेशी काम करीत असताना ॲडेनोसिन नावाचा पदार्थ तयार होतो. जागे राहण्याचा काळ वाढतो, तसतसे त्याचे प्रमाण वाढते आणि डोळे जड होऊ लागतात. झोपेत ते प्रमाण पुन्हा खाली येते. चहाकॉफीतील कॅफीन हा पदार्थ पेशींवरील ॲडेनोसिनची जागा अडवून बसतो. त्यामुळे तरतरी आल्यासारखे वाटते. पण साठलेला भार कमी झालेला नसतो, त्याची जाणीव फक्त झाकली जाते. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जाण्यास साधारणपणे पाच तास लागतात. अर्थात संध्याकाळी पाच वाजता घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश रात्री दहा वाजताही शरीरात असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ. 1729 साली फ्रान्समधील द मेरां या शास्त्रज्ञांनी रात्री पाने मिटणारी एक वनस्पती अंधारात ठेवली. सूर्यप्रकाश नसतानाही तिची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. मनुष्यातही असेच घड्याळ असावे काय, हे पाहण्यासाठी क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन 1938 साली अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विशाल गुहेत 32 दिवस राहिले. तेथे ना सूर्यप्रकाश होता, ना तापमानातील चढउतार. त्यांनी आपला दिवस 24 तासांऐवजी 28 तासांचा ठरवला होता. तरुण रिचर्डसन यांच्या शरीराने ही नवी दिनचर्या स्वीकारली. परंतु त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमन यांचे शरीर जुन्या 24 तासांच्या तालावरच चालत राहिले. पृथ्वीच्या पोटात शिरूनही त्यांना आपल्या देहातील दिवस-रात्र बदलता आली नाही!

हे घड्याळ कोठे आहे, हे 1972 साली कळले. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या फुलीच्या किंचित वर, अधोथॅलॅमस या भागात पेशींचे दोन लहान पुंजके असतात. तेच शरीराचे मुख्य घड्याळ होय. 1971 साली फळमाशीत या तालाशी निगडित असलेला जनुक प्रथम आढळला. पुढे या घड्याळाची आतील रचना उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या या घड्याळाची फेरी 24 तासांपेक्षा सरासरीने किंचित मोठी असते. म्हणून ते रोज लावून घ्यावे लागते, आणि हे काम प्रकाश करतो. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे आणतो. रात्रीचा प्रकाश ते मागे ढकलतो. अंधार पडल्यावर मेंदूतील तृतीय नेत्र पिंडातून मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते. 1958 साली एरन लर्नर यांनी ते प्रथम वेगळे काढले. रात्र झाल्याची वर्दी ते सर्व शरीराला देते. झगझगीत दिव्यांमुळे किंवा डोळ्यांजवळ धरलेल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यामुळे ही वर्दी उशिरा पोचते.

आपल्या देशात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. भारत पूर्व-पश्चिम सुमारे 29 रेखांशांवर पसरलेला आहे; त्यामुळे अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाला सूर्य गुजरातच्या पश्चिम टोकापेक्षा जवळजवळ दोन तास आधी उगवतो. भिंतीवरील घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवते. आसामातील चहाच्या मळ्यांत पूर्वापार एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पाळली जाते, ती सूर्याशी जमवून घेण्यासाठीच.

अध्ययन आणि स्मृती

आता निद्रेच्या लाभांकडे वळू. विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचा विषय स्मृतीचा, म्हणून त्यापासून आरंभ करणे योग्य होईल.

1924 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करण्यास दिल्या. कधी पाठ केल्यावर त्यांनी झोपावे, कधी नेहमीचे व्यवहार करीत जागे राहावे, अशी योजना होती. आठ तासांनंतर तपासले असता, जागे राहिल्यावर पाठ केलेल्यापैकी जेमतेम दहावा हिस्सा आठवत होता. झोपेनंतर मात्र निम्म्याहून अधिक आठवत होता. झोपेत नवे काही कानांवर पडत नाही, म्हणून जुने टिकते, असा अर्थ त्या वेळी लावण्यात आला. पुढील संशोधनाने याहून अधिक काही दाखवून दिले. दिवसा शिकलेल्या गोष्टींची पहिली नोंद मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात होते. 1994 साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, दिवसा एखाद्या जागेत हिंडताना या भागातील ज्या पेशी जोडीने कार्य करीत होत्या, त्याच पुढील झोपेत पुन्हा जोडीने कार्य करू लागतात. दिवसाचा धडा मेंदू रात्री जणू गिरवीत असतो. या उजळणीतून नव्या नोंदी मेंदूच्या पृष्ठभागातील कायमच्या साठ्याशी जोडल्या जातात, असे आज मानले जाते.

याचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट आहे. रात्री दहापर्यंत अभ्यास करून झोपणारा विद्यार्थी आणि रात्रभर जागून दुप्पट पाने वाचणारा विद्यार्थी यांची तुलना केली, तर दुसऱ्याने पेरणी अधिक केली, पण बी मातीआड होऊ दिले नाही. शिवाय जागरणाने थकलेला मेंदू दुसऱ्या दिवशी नवीन गोष्टी नीट टिपून घेत नाही. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण दोन्ही बाजूंनी तोट्याचे ठरते.

वाढ, दुरुस्ती आणि रोगांशी झुंज

लहान मुले झोपेत वाढतात, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणतात. 1968 साली या म्हणण्याला प्रयोगाचा आधार मिळाला. झोपलेल्या माणसांच्या रक्ताची थोड्या थोड्या वेळाने तपासणी केली असता, वाढीला चालना देणारे संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ निद्रेत मोठ्या प्रमाणावर स्रवते, असे दिसून आले. मुलांची हाडे व स्नायू यांच्या वाढीसाठी आणि प्रौढांच्या शरीरातील झीज भरून काढण्यासाठी हे संप्रेरक आवश्यक असते.

रोगप्रतिकारशक्तीचा झोपेशी असलेला संबंध पुढील प्रयोगावरून ध्यानात येईल. 164 निरोगी प्रौढ व्यक्तींच्या झोपेची एक आठवडा मनगटावरील यंत्राने नोंद घेण्यात आली. नंतर त्यांच्या संमतीने त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडून त्यांना निरीक्षणाखाली वेगळे ठेवण्यात आले. 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीपेक्षा जास्त होती. विषाणू सर्वांच्या नाकात तेच होते; फरक झोपेचा होता.

शरीरातील साखरेच्या विनियोगावरही झोपेचा परिणाम होतो. शिकागो येथे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11 निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यानेच त्यांच्या रक्तातील साखर वापरली जाण्याचा वेग, भरपूर झोप घेतल्यानंतरच्या वेगाच्या तुलनेत, सुमारे 40 टक्क्यांनी मंदावला. कमी झोपेमुळे भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात आणि तृप्तीची जाणीव देणारी घटतात, असेही आढळले आहे. त्यामुळे जागरण करणारा मनुष्य गरजेपेक्षा अधिक खातो. भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत व्यक्त करण्यात आला. ज्या देशात हा रोग एवढा पसरला आहे, तेथे झोपेकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

हृदयाला विश्रांती मिळते तीही रात्रीच. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. झोप वारंवार मोडणाऱ्यांच्या बाबतीत ही उतरण नीट होत नाही, आणि रक्तवाहिन्यांवरील ताण रात्रंदिवस कायम राहतो. अमेरिकेतील हृदयरोगविषयक प्रमुख संस्थेने हृदयाच्या आरोग्यासाठी आवश्यक अशा आठ गोष्टींची जी यादी 2022 साली केली, तीत आहार, व्यायाम इत्यादींबरोबर निद्रेचाही समावेश केला आहे.

मेंदूतील टाकाऊ द्रव्यांचा निचरा झोपेत अधिक वेगाने होतो, असेही 2013 साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले होते. परंतु 2024 साली दुसऱ्या एका गटाने उंदरांवरच प्रयोग करून याच्या उलट निष्कर्ष काढला. या प्रश्नाचा निकाल अजून लागावयाचा आहे. शास्त्राची वाटचाल अशीच होत असते; एखादे मत आकर्षक आहे म्हणून ते सिद्ध झाले, असे समजू नये.

न जाणवणारे कर्ज

“मला पाच तासांची झोप पुरते, सवयीचा प्रश्न आहे,” असे सांगणारे लोक आपल्याला नेहमी भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, या बाबतीत मनुष्याने स्वतःविषयी दिलेली साक्ष भरवशाची नसते.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी 48 निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज आठ तास, काहींना सहा तास आणि काहींना चारच तास झोपू दिले गेले, आणि हा क्रम 14 दिवस चालला. दिवसा त्यांची सावधानता आणि स्मरण यांची परीक्षा घेतली जाई. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसेंदिवस ढासळत गेली. अखेरीस ती एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. परंतु खरी चिंतेची गोष्ट निराळीच आहे. “तुम्हांला किती झोप येते आहे?” असे विचारले असता, पहिल्या काही दिवसांनंतर ते आपल्याला फारसा फरक वाटत नसल्याचे सांगत! झोपेचे कर्ज वाढत होते, पण त्याचे भान बोथट झाले होते. ज्या मेंदूने चूक ओळखावयाची, तोच थकलेला असतो.

हे अज्ञान जीवावर बेतू शकते. 1997 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे दाखवले की, सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाचे हस्तनेत्रकौशल्य, रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावते. भारतातील मोटार वाहन कायद्याने वाहन चालवणाऱ्याच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के, इतकीच ठेवली आहे. पहाटे पाचला उठून दिवसभर काम केलेला आणि रात्री दहानंतर ट्रक घेऊन घाटात शिरणारा चालक मद्याच्या थेंबालाही शिवलेला नसतो. पोलिसांचे यंत्र त्याला निर्दोष ठरवील. परंतु त्याची प्रतिक्रिया कायद्याने मनाई केलेल्या अवस्थेइतकीच मंद असू शकते. त्यात एखादी डुलकी आली, तर ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत 50 मीटर पुढे गेलेले असते.

रात्रपाळीत काम करणारे कामगार, परिचारिका, रेल्वेचे कर्मचारी यांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांना दिवसा झोपावे लागते आणि त्या वेळी शरीराचे घड्याळ त्यांच्या विरुद्ध चालत असते. रात्रपाळीमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007 साली काढला आणि 2019 साली त्याला दुजोरा दिला. समाजाची रात्रीची कामे थांबवता येणार नाहीत. परंतु पाळ्या भराभर व उलटसुलट न बदलणे आणि दिवसा झोपणाऱ्याला घरात अंधार व शांतता मिळवून देणे, एवढे तरी आपण करू शकतो.

चांगली झोप कोणती?

किती तास झोपलो, यावरूनच झोपेची परीक्षा होत नाही. झोप सलग असावी, गाढ असावी आणि रोज साधारण एकाच वेळी यावी. काही लोक आठ-नऊ तास अंथरुणावर असतात, तरी सकाळी थकलेलेच उठतात. जोराने घोरणाऱ्या काही व्यक्तींच्या घशाचा मार्ग झोपेत वारंवार मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो, आणि गुदमरून मेंदू क्षणभर जागा होतो. रात्रीतून शेकडो वेळा असे घडले, तरी सकाळी त्या माणसाला ते आठवत नाही. घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, ही समजूत अशा रुग्णांच्या बाबतीत घातक ठरते. 1981 साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा बसवून हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवण्याची युक्ती काढली. आज हा उपचार सर्वत्र प्रचलित आहे. घोरणाऱ्या माणसाचा श्वास मध्येच थांबतो, असे घरच्या मंडळींच्या लक्षात आल्यास त्यांनी त्याला वैद्याकडे न्यावे.

मद्याने झोप लवकर लागते, हे खरे. पण ती रात्रीच्या उत्तरार्धात मोडते आणि चलनेत्र निद्रा कमी होते. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेणे धोक्याचे आहे.

वयानुसार झोपेची गरज बदलते. तज्ज्ञांनी आज मान्य केलेले प्रमाण असे आहे: एक ते दोन वर्षांच्या बालकांना दिवसाच्या झोपेसह 11 ते 14 तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना 8 ते 10 तास, आणि प्रौढांना किमान 7 तास.

शाळेची घंटा

वरील आकड्यांत कुमारवयीन मुलांचा आकडा पालकांनी पुन्हा एकदा वाचावा. वयात येताना शरीराचे घड्याळ एक ते दोन तासांनी मागे सरकते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही. त्याला आपण आळशी म्हणतो; वास्तविक त्याच्या देहातील पहाट अजून व्हावयाची असते. अमेरिकेतील सिॲटल शहरात 2016 साली माध्यमिक शाळा भरण्याची वेळ 7 वाजून 50 मिनिटांऐवजी 8 वाजून 45 मिनिटे करण्यात आली. शाळा उशिरा भरते, तर मुले उशिरा झोपतील, अशी भीती होती. पण तसे झाले नाही. मुलांची झोप रोज सुमारे 34 मिनिटांनी वाढली.

आपल्याकडेही हा विचार सुरू झाला आहे. 2024 सालच्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागील कारण होते. शास्त्रीय दृष्टीने पाहता मोठ्या इयत्तांतील मुलांनाही या सवलतीची तितकीच गरज आहे.

काही साधे नियम

झोप आज्ञेने येत नाही, परंतु तिच्या वाटेतील अडथळे आपण दूर करू शकतो. सुटीच्या दिवशीही उठण्याची वेळ फारशी बदलू नये. सकाळी थोडा वेळ मोकळ्या उजेडात फिरावे. दुपारनंतर चहाकॉफी टाळावी. रात्रीचे जेवण हलके व वेळेवर असावे. निजण्यापूर्वी तासभर दिवे मंद करावेत आणि भ्रमणध्वनी दूर ठेवावा. झोप लागताना शरीराचे तापमान किंचित उतरते. म्हणून निजण्याची जागा थंड, काळोखी व शांत असावी. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात निजण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची होती. दुपारी वामकुक्षी घ्यावयाची असल्यास ती वीस-पंचवीस मिनिटांत आटोपावी. अंथरुणावर पडूनही बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही, तर तळमळत न राहता उठून बसावे, मंद प्रकाशात काही साधे वाचावे आणि झोप येऊ लागल्यावरच पुन्हा आडवे व्हावे. हा त्रास काही आठवडे टिकल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा. अनेकांना गोळ्यांवाचून, केवळ अशा सवयी व विचार यांच्या शिस्तबद्ध उपचाराने गुण येतो.

आरंभी मांडलेल्या हिशेबाकडे आता पुन्हा पाहू. साठांपैकी वीस वर्षे झोपेत गेली, हे खरे. पण उरलेली चाळीस वर्षे ज्या स्मृतीवर, ज्या सावधानतेवर आणि ज्या निरोगी शरीरावर आपण जगलो, ती त्या वीस वर्षांनीच आपल्याला दिली. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाच्या दिव्याजवळ चहा घेऊन जाणाऱ्या आईने त्या रात्री चहाऐवजी त्याचे अंथरूण घालून द्यावे आणि दिवा मालवावा. त्याचा राहिलेला अभ्यास त्याचा मेंदू अंधारात पुरा करील.